सलामीला कोण?

विश्वचषकाचा संघ जाहीर झाला 2025 च्या ऑगस्टमध्ये, आणि त्यात शफाली वर्माचं नाव नव्हतं. सलामीला सांगलीची स्मृती मानधना आणि तिच्या जोडीला दिल्लीची प्रतिका रावल. त्या दिवसापासून आमच्या गल्लीतल्या बायकांत दोन तट पडले. आठवड्याभरानं दशलक्षण पर्व लागलं. उत्तम क्षमेवरचं प्रवचन ऐकून बस्तीच्या पायऱ्या उतरता उतरताच आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "क्षमा सगळ्यांना केली, पण त्या संघ निवडणाऱ्यांना काय करत न्हाई बघ मी."

निपाणीत क्रिकेटवरून भांडायचं ते पुरुषांनी, हा रिवाज मोडून बरीच वर्षं झाली. त्याचं श्रेय मी स्मृतीला देते. ती वाढली सांगलीच्या माधवनगरात, आणि आमच्याकडच्या निम्म्या सुनांचं माहेर सांगली-मिरज-जयसिंगपूरकडचं. म्हणजे ती माहेरचीच. 1956 साली रेघ ओढली गेली आणि आम्ही कर्नाटकात राहिलो, पण सोयरिकी काही त्या रेघेनं थांबल्या नाहीत. खेळात मात्र ती रेघ दिसते. पोरगी निपाणीची असली तर तिनं खेळायचं कर्नाटकाकडून, आणि पलीकडच्या कागलची असली तर महाराष्ट्राकडून. असो. स्मृती नक्की होती, त्यामुळे भांडण होतं ते तिच्या शेजारी कोण उभी राहणार याचं.

जाऊबाई शफालीच्या. त्यांचं म्हणणं सरळ. ही रोहतकची पोर, लहानपणी केस कापून मुलांच्यात खेळली, पंधराव्या वर्षी भारताकडून उतरली. 2024 च्या जूनमध्ये चेन्नईला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटीत तिनं 205 केल्या, आणि स्मृतीबरोबर पहिल्या गड्यासाठी 292 धावा जोडल्या. अशा पोरीला घरी बसवायचं? "चार चेंडूत मॅच फिरवती ती. तुमची ती प्रतिका पुस्तक वाचल्यागत खेळती."

पुस्तक वाचल्यागत खेळणं हा दोष आहे हे आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकेला मान्य होणं शक्यच नव्हतं. गल्ली त्यांना बाई म्हणते, मीही तेच म्हणते. बाईंची वही असते. खरंच वही असते. त्यांनी दाखवून दिलं की 2022 च्या जुलैनंतर शफालीचं एकदिवसीय सामन्यात एकही अर्धशतक नाही. आणि प्रतिका 2024 च्या डिसेंबरात वडोदऱ्याला पहिल्यांदा खेळली, महिनाभरात राजकोटला आयर्लंडविरुद्ध 154 केल्या. मानसशास्त्र शिकलेली मुलगी आहे, डोकं शांत आहे. "रोज थोडं थोडं करणाऱ्या बाईची कदर कुठं असती गं? एक दिवस पुरणपोळी करणारीचं नाव होतंय."

यावर आम्ही सगळ्या हसलो. पण तेव्हाच मला वाटलं, हा वाद क्रिकेटचा उरलेला नाही.

एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण आमच्यातल्या पुष्कळ जणी तिचा घोळ घालत होत्या. पंधरा जणी निवडते ती निवड समिती. त्यातल्या अकरा कोण, कुठल्या क्रमानं, हे प्रशिक्षक आणि कर्णधार बघतात. म्हणून जाऊबाईंचा सगळा राग प्रशिक्षक अमोल मुजुमदारांवर निघणं बरोबर नव्हतं. पण राग चेहरा शोधतो, आणि टीव्हीवर चेहरा त्यांचाच दिसत होता.

मुजुमदारांबद्दल मला आधीपासून एक हळवेपणा आहे. 1988 साली मुंबईत आझाद मैदानावर शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीनं 664 धावांची भागी केली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या वेळी पुढच्या नंबरावर पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा म्हणजे अमोल. त्याची पाळी आलीच नाही. पुढं रणजीच्या पहिल्याच सामन्यात त्यानं 260 केल्या, कारकिर्दीत प्रथम श्रेणीच्या 11,167 धावा केल्या, आणि भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. त्याच्या पिढीत त्याच जागांवर सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण उभे होते. पॅड बांधून बसणं म्हणजे काय हे या माणसाला कुणी शिकवायला नको. अशा माणसाच्या हातात आता दुसऱ्यांना बसवायचं काम आलं होतं.

बसवायचं काम वाईट. ते कसं चुकतं हे आम्ही 2018 साली बघितलं होतं.

तेव्हा वेस्ट इंडीजमध्ये टी-ट्वेंटीचा विश्वचषक होता. मिताली राजनं पाकिस्तानविरुद्ध 56 केल्या, आयर्लंडविरुद्ध 51. ऑस्ट्रेलियाविरुद्ध दुखापतीमुळं ती बसली आणि तो सामना आपण जिंकलो. मग उपांत्य सामना इंग्लंडशी, अँटिग्वाला. आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू झाला, तारीख 23 नोव्हेंबर, कार्तिक पौर्णिमा. मी अंघोळ करून बस्तीला निघाले होते, टीव्हीवर नावं आली आणि उंबऱ्यातच थांबले. मिताली नव्हती. जिंकलेला संघ बदलायचा नाही, हे कारण. भारत 2 बाद 89 वरून सगळे बाद 112. इंग्लंडनं आठ गडी राखून सामना घेतला.

पुढं जे झालं ते त्याहून वाईट. मितालीनं मंडळाला पत्र लिहिलं, त्यात प्रशिक्षक रमेश पवार आपल्याशी अपमानास्पद वागले असं म्हटलं. पवारांनी आपल्या अहवालात उलट सांगितलं, की सलामीलाच खेळायचं म्हणून तिनं निवृत्तीची भाषा केली. दोन्ही पेपरात आलं. हरमनप्रीत आणि स्मृतीनं पवारच राहावेत म्हणून लिहिलं. पवारांची मुदत संपली, डब्ल्यू. व्ही. रामन आले. आणि 2021 मध्ये पवार पुन्हा आले, तेव्हा एकदिवसीय संघाची कर्णधार मितालीच होती. दोघांना एकत्र काम करावं लागलं, आणि त्यांनी ते केलं.

कोण खरं कोण खोटं हे निपाणीत बसून मी कशाला ठरवू? पण त्या पत्रातलं मला जे लागलं ते वगळण्याबद्दलचं नव्हतंच. ती म्हणत होती की मी बोलायला जवळ गेले की ते उठून जायचे. हे वाचलं आणि माझ्या सासूबाई डोळ्यांपुढं आल्या. मामंजी गेल्यावर अकरा वर्षं तंबाखूच्या वखारीचा हिशोब त्यांनी ठेवला. गाड्या किती आल्या, बोजे किती गेले, उधारी कुणाकडं, सगळं तोंडपाठ. एके दिवशी वखारीच्या किल्ल्या खुंटीवर नव्हत्या. घरातल्या पुरुषांनी आपसांत ठरवून कारभार पुतण्याकडं दिला होता. पुतण्या लायक होता, त्याबद्दल सासूबाईंचीही तक्रार नव्हती. त्यांना सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. त्या रिकाम्या खुंटीकडं त्यांनी किती तरी दिवस बघितलेलं मी पाहिलंय.

विश्वचषक सुरू झाला. प्रतिका धावा करत होती, म्हणून ऑक्टोबरात बाईंची वही उघडीच. पण संघ मध्येच लागोपाठ हरायला लागला. दक्षिण आफ्रिका, मग ऑस्ट्रेलिया. 19 ऑक्टोबरला इंदूरला इंग्लंडविरुद्ध गोलंदाज वाढवायचा म्हणून चांगल्या खेळणाऱ्या जेमिमा रॉड्रिग्सला बसवलं. चार धावांनी हरलो. त्या रात्री जाऊबाईंनी मुजुमदारांना कानडीत आणि मराठीत जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. जैनांच्या घरात वाणीहिंसाही धरतात, एवढं त्यांना मी सांगून बघितलं.

पुढच्याच सामन्यात जेमिमा परत आली, तीही तिसऱ्या नंबरावर. त्याच सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध प्रतिकाचं आणि स्मृतीचं, दोघींचंही शतक. बाईंनी गल्लीत पेढे वाटले. आणि तीन दिवसांनी, बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना प्रतिकाचा पाय मुरगळला. घोटा गेला. सहा डावांत 308 धावा करून ती स्पर्धेबाहेर. जिला ऑगस्टमध्ये राखीव म्हणूनसुद्धा धरलं नव्हतं, ती शफाली हरियाणाकडून देशातली स्पर्धा खेळत होती, तिथनं तिला बोलावून घेतलं.

जाऊबाई जिंकल्या म्हणावं, तर त्या दिवशी त्या गप्प होत्या. "असं नको होतं," एवढंच म्हणाल्या. "जागा मिळावी, पण कुणाचा पाय मोडून नको."

अष्टाह्निकेचे दिवस होते. आमच्याकडे रात्रीचं जेवण नाही, त्यामुळं दिवस-रात्रीच्या सामन्याचा एक फायदा आम्हाला मिळतो. सूर्य मावळायच्या आत चूल आवरलेली, मग कुणी भाकरी वाढ म्हणून हाक मारत नाही. 30 तारखेला ऑस्ट्रेलियाच्या 338 चा पाठलाग आम्ही अकरा बायकांनी एका खोलीत बसून बघितला. जेमिमा नाबाद 127. तिसऱ्या नंबरावर जायचंय हे तिला जायच्या पाच मिनिटं आधी कळलं, असं तिनं नंतर सांगितलं. स्पर्धेत आपण रोज रडत होते, हेही सांगितलं, सगळ्या जगापुढं. बाईंनी चष्मा काढून पुसला.

2 नोव्हेंबरचा अंतिम सामना पावसानं दोन तास उशिरा सुरू झाला. शफालीनं 78 चेंडूंत 87 केल्या. मग हरमनप्रीतला काय वाटलं कोण जाणे, चेंडू तिच्या हातात दिला, आणि तिनं दोन बळी काढले. दीप्ती शर्मानं पाच. मध्यरात्रीच्या सुमाराला आपण 52 धावांनी जिंकलो. गल्लीत फटाके फुटले. आम्ही फोडले नाहीत, पण कान बंदही केले नाहीत.

प्रतिका चाकाच्या खुर्चीतून मैदानावर आली, खांद्यावर तिरंगा. पदकं वाटली तेव्हा तिच्या गळ्यात पदक नव्हतं, कारण नियमानं ते शेवटच्या पंधरा जणींनाच. ते बघून आमच्या खोलीतला आनंद थोडा वेळ अडखळला. सगळ्यात आधी चिडल्या त्या जाऊबाई. "308 धावा काय नियमानं केल्या व्हत्या तिनं?"

बघा, दोन्ही तट त्या रात्री एकाच बाजूला होते. बाई शफालीसाठी टाळ्या वाजवत होत्या आणि जाऊबाई प्रतिकाच्या पदकासाठी भांडत होत्या.

हे सगळं मी एवढं मनावर का घेतलं, ते सांगते. माझ्या भावाची मुलगी बेळगावला असते. सोळा वर्षांची, यष्टीरक्षक. दिवाळीआधी एका शिबिराला तीन आठवडे गेली. तिथं यष्टीरक्षक दोघी, जागा एक. पहाटे साडेपाचला उठून जायची, ग्लोव्हजमध्ये बोटं सुजलेली असायची. प्रशिक्षकांनी तीन आठवड्यांत दोघींपैकी कुणालाच काही सांगितलं नाही. आज ही, उद्या ती. नावांची यादी निघाली ती तिला दुसऱ्या मुलीच्या आईच्या मोबाईलवर दिसली. ती राखीव होती.

"आत्ती, ती माझ्यापेक्षा चांगली आहे, मला माहीताय," असं तिनं मला फोनवर सांगितलं. "पण सरांनी मला सांगायला पाहिजे होतं की नको? मी काय कमी करते तेवढं तरी."

भावाचं म्हणणं, आता पुरे, पुढचं वर्ष अभ्यासाचं. घरात एकदा पुरे म्हटलं की मुलीच्या बाबतीत ते लवकर पक्कं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मुलगा असता तर आणखी एक हंगाम मिळाला असता. मी भावाला तसं तोंडावर म्हटलं. तो रागावला, मग म्हणाला, बघू.

आता मार्गशीर्ष लागलाय. गल्लीत पुन्हा प्रश्न तोच, प्रतिकाचा घोटा बरा झाला की सलामीला कोण? जाऊबाई म्हणतात शफालीच, अंतिम सामना कुणी जिंकून दिला? बाई वही काढतात. मला विचारलं तर मी प्रतिकाला परत बोलवीन, कारण दुखापतीनं गेलेली जागा ही हरलेली जागा नव्हे. आणि शफालीला खाली कुठं खेळवायचं ते बघीन. पण जे काही असेल ते मुजुमदारांनी दोघींना समोर बसवून सांगावं, पेपरात यायच्या आधी.

भाचीनं परवा तेच केलं. आपण होऊन प्रशिक्षकांकडं गेली आणि विचारलं, सर, मी कुठं कमी पडले? ते जरा दचकले म्हणे. मग पाच मिनिटं बोलले. डाव्या बाजूचा चेंडू तू उशिरा घेतेस, पाय आधी हलवत नाहीस. भाऊ बाहेर गाडीपाशी उभा होता. येताना त्यानं काही विचारलं नाही, पण घरी आल्यावर परसात भिंतीवर खडूनं एक रेघ मारून दिली, आणि रबरी चेंडू घेऊन स्वतः डाव्या बाजूला फेकायला उभा राहिला.