शेवटच्या अक्षरावरचा जोर

"परोलार नाही, परोली!" पडद्यावरच्या बाईंनी मला तिसऱ्यांदा थांबवलं आणि बाकीचे हसले. सहा वर्षं झाली, तो हशा अजून कानातून जात नाही.

एस्पेरांतो म्हणजे डॉ. झामेनहोफ यांनी 1887 साली प्रसिद्ध केलेली कृत्रिम भाषा. आपल्याकडे विनोबाही ती शिकले होते. मी पुण्यात रद्दीवाल्याकडून घेतलेल्या एका इंग्रजी व्याकरणावरून आठ महिने घोकली. मुखपृष्ठ नाही, पहिली पानं नाहीत, आत नुसतं 'आंतरराष्ट्रीय भाषा'. क्रियापदांवर तर मी फिदाच झालो. 'परोलास' म्हटलं की बोलतो, बोलते, बोलतेस, बोलतात, सगळं आलं! भूतकाळाला 'परोलिस', भविष्याला 'परोलोस'. आणि सी या अक्षराचा उच्चार चमच्यातल्या 'च'चा, म्हणजे मराठी माणसाला फुकटच.

मग दर शनिवारच्या ऑनलाइन गप्पांना बसू लागलो. 'बोलणे' मी 'परोलार' म्हणायचो, जोर 'लार'वर. ते म्हणायचे 'परोली', जोर 'रो'वर. 'फामिलिओ'त मी 'मि'वर जोर द्यायचो, ते 'लि'वर. एस्पेरांतोत जोर नेहमी उपान्त्य अक्षरावर, अपवाद नाही. चार शनिवार ते हसले. पाचव्या शनिवारी एकाने सांगितलं, तुमचं पुस्तक एस्पेरांतोचं नाही, इदोचं आहे. इदो म्हणजे 1907 साली तिच्यातूनच फुटलेली सुधारित भाषा. नावाचा अर्थच 'अपत्य'.

पहिल्याच दिवशी त्यांना कळलं होतं! मग चार आठवडे सांगितलं का नाही? जगाला जोडायला काढलेली भाषा, आणि हे वागणं. नंतर वाचलं, आंतरराष्ट्रीय भाषा निवडायला नेमलेल्या पॅरिसच्या समितीपुढे एस्पेरांतोची बाजू मांडायला बसलेले द बोफ्रों यांचाच इदोच्या निनावी प्रस्तावात हात होता. असेल जुनी जखम, पण ती माझ्या 'लार'वर का चोळायची? तसा मीही 'पानी' म्हणणाऱ्या भाच्याला चारचौघांत टोकतोच म्हणा.

आता 'परोली' बिनचूक म्हणतो. तरी इदोत 'परोलार', 'परोलिर', 'परोलोर' अशी बोलणे, बोललेले असणे आणि बोलणार असणे यांना वेगवेगळी रूपं आहेत, एस्पेरांतोत एकच. या एका बाबतीत मी अजून इदोवाला आहे. पुस्तक रद्दीत परत दिलेलं नाही.