ॲरिझोनाच्या माळावर बॅटरीवरचा संसार

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, पश्चिमेच्या टोकाला, क्वार्टझसाइट नावाचे गाव आहे. २०२०च्या जनगणनेत तिथली वस्ती अडीच हजारांच्या आतच भरली. पण थंडी पडली की गावाबाहेरच्या माळावर चाकांवरची घरे येऊन उभी राहतात. उत्तरेकडच्या बर्फाला कंटाळलेली वयस्क जोडपी या घरगाड्या घेऊन येतात. काही गाड्या आपल्या एसटीएवढ्या, काही टेम्पोएवढ्या. आत शेगडी, फ्रिज, पलंग, न्हाणी, सगळे काही. माळ सरकारी आहे. ला पोसा नावाच्या अकरा हजार एकरांच्या पट्ट्यात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल शुल्क भरून राहता येते. जागेवर विजेचा खांब मात्र नाही.

माझी थोरली बहीण फिनिक्सला मुलाकडे असते. तिथून हे गाव सुमारे दोनशे किलोमीटर. जानेवारीत भाच्याने घरगाडी भाड्याने घेतली आणि ताई, दाजी, तो आणि मी असे चौघे निघालो.

माण-आटपाडीच्या माणसाला हा माळ परका वाटणार नाही. खडे, काटेरी झुडपे, दूरवर उघडे डोंगर. फक्त मधूनच दुमजली घराएवढा सग्वारो निवडुंग हात वर करून उभा दिसतो. गावच्या दफनभूमीत दगडी मनोरा असून त्यावर तांब्याचा उंट आहे. अमेरिकी लष्कराने १८५६ साली वाळवंटात ओझी वाहायला उंट आणले. त्यांच्याबरोबर आलेला हाजी अली हा उंटवाला १९०२ साली वारला, तो इथे पुरलेला आहे. लोकांनी त्याच्या नावाचे ‘हाय जॉली’ करून टाकले!

आता विजेकडे वळू. आमच्या दाजींचा झोपेत श्वास अडकतो. नाकावर मुखवटा लावून हवा देणारे यंत्र त्यांना रोज रात्री लागते. त्यामुळे बॅटरी पहाटेपर्यंत पुरणे ही आमच्याकडे चैनीची बाब नव्हती.

बॅटरीला विहीर समजा. आमच्या गाडीत १२ व्होल्टच्या, प्रत्येकी १०० अँपिअर-तासांच्या दोन शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या होत्या. म्हणजे विहिरीत पाणी २००, पण उपसायचे १००च. निम्म्याखाली वारंवार उतरवली तर अशी बॅटरी लवकर बाद होते. तारा सोडून थोडा वेळ विसावा दिल्यावर मीटरने १२.६ दाखवले तर ती भरलेली, १२.१ दाखवले तर निम्मी.

उपसा किती होता, तो पाहा. रात्री गारठा पाच अंशांपर्यंत उतरतो. हीटर गॅसचा, पण त्याचा पंखा बॅटरीवर. रात्रभरात त्याचेच ३५ अँपिअर-तास. दिवे आणि पाण्याचा पंप मिळून १०. दाजींचे यंत्र वाफेच्या भांड्यासकट इन्व्हर्टरवर चालवले तर आठ तासांत जवळपास ६०. बेरीज १०५, म्हणजे हद्दीबाहेर. इन्व्हर्टर १२ व्होल्टची वीज तिकडच्या १२० व्होल्टची करतो, त्यात दहा-पंधरा टक्के वाया जाते. शिवाय मोठा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतः वीस-एक वॅट खातो. ही घरातली गळकी तोटीच! हेच यंत्र वाफेविना, १२ व्होल्टच्या जोडणीवर थेट चालवले की २० अँपिअर-तासांत रात्र निघते.

पहिल्या दिवशी ऊन स्वच्छ होते. छपरावरच्या २०० वॅटच्या सौर पॅनेलमधून दिवसभरात चाळीसच्या आसपास आले. हे गाव ३४ अक्षांशाजवळ आहे. जानेवारीत सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून ३५ अंशच वर असतो, त्यामुळे आडवे पॅनेल कमी पिकते. शेजारच्या कॅनडावाल्या आजोबांनी आपली पॅनेल दक्षिणेकडे कलती केली होती; त्यांना आमच्या दीडपट मिळत असावे.

दुसऱ्या दिवशी ढग आले, तिसऱ्या दिवशी पाऊस. वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पडणारा पाऊस नेमका आम्ही असताना यायचा होता! पॅनेलचे चाळीसवरून दहावर आले. संध्याकाळी ताई म्हणाली, “अहो, आजची रात्र वाफेशिवाय काढा. डॉक्टरांनी चालेल म्हणून सांगितलंय ना?” कोरड्या हवेत नाक दुखते म्हणून दाजी कुरकुरले, पण ऐकले. मी इन्व्हर्टर बंद केला. चहाची विजेची किटली आधीच फळीवर गेली होती. ती बॅटरीतून एकावेळी सव्वाशे अँपिअरच्या वर खेचते. चहा गॅसवर. भाच्याने हीटरचा काटा दोन अंश खाली आणला आणि सगळ्यांनी दोन-दोन पांघरुणे घेतली.

जनरेटर होता, पण रात्री १० ते सकाळी ६ माळावर शांतता पाळायची असते. म्हणून तो सकाळी दीड तास चालवायचा. सकाळीच का? रिकामी बॅटरी भराभर वीज घेते, भरत आली की थेंबाथेंबाने घेते. सुरुवातीची भर जनरेटरने घालावी आणि शेवटची सावकाश भर उन्हावर सोडावी, म्हणजे तेल वाचते. तुमच्या घरी लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या बॅटरीलाही हाच स्वभाव आहे. (आणि तिच्यात विहिरीचे पाणी घालू नका, दुकानात मिळते ते बॅटरीचे पाणीच घाला.)

कॅनडावाल्यांकडे लिथियम लोह फॉस्फेटची बॅटरी होती. तिच्यातले ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते, पण शून्य अंशाखाली ती भरायची नसते. किंमतही जबर.

चौथ्या पहाटे मीटरवर १२.२ होते. दाजी मुखवटा काढून उठले, “नाक पार सुकलं बुवा,” म्हणाले आणि त्यांनी चहा मागितला. सहा वाजता भाच्याने जनरेटर सुरू केला. ऊन पडल्यावर आम्ही पश्चिमेला कोलोरॅडो नदी ओलांडून ब्लाइथच्या खोऱ्यात लसूणघासाची शेते पाहायला गेलो. नदीच्या पाण्यावरची ती हिरवी खाचरे पाहून दाजी बांधावरच बसले, गाडीत यायला तयार होईनात.