गिदोनाचे भय

जुन्या करारातील ‘शास्ते’ या पुस्तकात गिदोन आपल्याला प्रथम भेटतो तो द्राक्षकुंडात गहू झोडताना. मळणीचे खळे उघड्यावर, वाऱ्याच्या वाटेवर असते, कारण भूस उडून जायला वारा लागतो. कुंडात तो कोठून येणार? पण मिद्यानी टोळ्या सात वर्षे पीक लुटत होत्या आणि खळ्यावरचा माणूस लांबून दिसतो. म्हणून हा तरुण खाली उतरून, लपून, धान्य झोडतो आहे. नेमक्या याच क्षणी देवदूत त्याला पराक्रमी वीर म्हणून हाक मारतो. पूर्वी हे वाचताना मला हसू येई.

गिदोनाचे उत्तरही वीराला शोभणारे नाही. परमेश्वर आमच्याबरोबर असता तर आमची ही दशा का झाली, असे तो आधी विचारतो. मग मनश्शेच्या वंशात माझे कूळ सर्वांत दुबळे आणि घरात मी सर्वांत लहान, अशी सबब पुढे करतो. नॉर्मन हेबल या अभ्यासकाने १९६५ साली अशा पाचारणकथांचा घाट उलगडून दाखवला. आज्ञा, आक्षेप, आश्वासन आणि चिन्ह ही त्या घाटाची महत्त्वाची अंगे आहेत. मोशे आपल्या जड जिभेचे कारण देतो, यिर्मया कोवळ्या वयाचे. म्हणजे आक्षेप हा कथेतला अडथळा नसून तिचा आवश्यक भाग आहे.

गिदोनाच्या कथेचे वेगळेपण यापुढे आहे. त्याचे भय आश्वासनाने संपत नाही आणि परमेश्वर ते संपवण्याची घाईही करत नाही. बापाने राखलेली बआलाची वेदी मोडण्याची आज्ञा होते. गिदोन ती पाळतो, पण घरच्यांच्या व गावकऱ्यांच्या भीतीने रात्री, दहा चाकरांना सोबत घेऊन. पुढे तो खळ्यावर लोकर ठेवतो. दव लोकरीवर पडावे आणि भुई कोरडी राहावी. तसे घडते. तरीही समाधान होत नाही. दुसऱ्या रात्री उलट घडावे अशी तो विनवणी करतो. तेही घडते, आणि कोठेही रागाचा शब्द नाही.

मग सैन्य हरोद झऱ्यापाशी उतरते. ‘हरोद’ या नावात थरथरण्याचा हिब्रू धातू ऐकू येतो. जो भित्रा असेल त्याने परत जावे, अशी घोषणा येथेच होते. ३२ हजारांपैकी २२ हजार निघून जातात. उरलेल्या दहा हजारांतून पाण्यावरच्या परीक्षेने ३०० निवडले जातात. त्याच रात्री परमेश्वर गिदोनाला सांगतो, की तुला भय वाटत असेल तर पुरा या चाकराला घेऊन शत्रूच्या छावणीकडे जा. गिदोन जातो. म्हणजे घरी पाठवण्याजोगा एक भित्रा माणूस अद्याप छावणीत होता आणि तोच सेनापती होता! तेथे एक मिद्यानी शिपाई सोबत्याला स्वप्न सांगत असतो: जवाची भाकर गडगडत आली आणि तिने तंबू उलथून टाकला. परमेश्वराच्या शब्दाने न मिळालेला धीर गिदोनाला शत्रूच्या भयातून मिळतो. तो तेथेच नमन करतो.

येथून कथेचा सूर बदलतो. शिंगे, रिकामे घडे आणि मशाली घेऊन निघालेल्यांच्या आरोळीत तो परमेश्वराच्या नावाशेजारी स्वतःचे नाव घालतो. विजयानंतर, थकलेल्या सैन्याला भाकरी नाकारणाऱ्या सुक्कोथच्या वडीलजनांना तो काट्यांनी फोडून काढतो. पनुएलचा बुरूज पाडून तेथील माणसे मारतो. हे दोन्ही स्वकीय. राजपद तो नाकारतो, पण लुटीतले १७०० शेकेल सोने मागून घेऊन त्याचा एफोद करतो आणि तो एफोद त्याच्या घराण्याला पाश होतो. त्या छावणीच्या रात्रीनंतर परमेश्वर गिदोनाशी बोलल्याची नोंद कथेत नाही. पुन्हा पुन्हा खूण मागणारा माणूस आता काहीच विचारत नाही.

माझे हसू मावळले ते या निःशब्दतेपाशी. काही वर्षांपूर्वी आमच्या मराठी विभागाची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा मीही प्रकृतीची, वाचनाची, अननुभवाची कारणे पुढे केली होती. पहिली दोन वर्षे प्रत्येक निर्णयापूर्वी मी चौघांना विचारत असे. तिसऱ्या वर्षी विचारणे थांबले. मला वाटले, धीटपणा आला. एका बैठकीत एका नवख्या सहकारी बाईंनी अभ्यासक्रमाविषयी चाचरत शंका काढली आणि मी त्यांना सर्वांसमोर गप्प केले. शंका रास्त होती. त्यानंतर त्या बैठकीत कधी बोलल्या नाहीत. मी क्षमा मागितली, पण पद सुटल्यावर, म्हणजे तिचा काही उपयोग उरला नव्हता तेव्हा.

गिदोनाच्या कथेत आणखी एक तरुण आहे: त्याचा थोरला मुलगा येथेर. पकडलेल्या दोन मिद्यानी राजांना ठार मारण्याची आज्ञा बाप त्याला करतो. येथेर तलवार उपसत नाही. तो अजून लहान आहे, त्याला भय वाटते. मग गिदोन स्वतः उठून ते काम पुरे करतो. मुलाच्या चेहऱ्यात त्याला द्राक्षकुंडातला तो तरुण दिसला का, हे निवेदक सांगत नाही.