आधी थांबायला शिका

घर हिंगोलीत आणि शाळा औंढा नागनाथ तालुक्यात, त्यामुळे माझं रोजचं अपडाऊन मोटारसायकलवर. या रस्त्यांनी मला एकच गोष्ट पक्की शिकवली: जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. वेग त्यापेक्षा जास्त नको.

ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पळते. समोरचं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर सहज जातो. वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. हा झाला कोरड्या, स्वच्छ डांबराचा हिशेब. आमच्याकडे डांबर वर्षभर तसं राहत नाही.

मृगाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरची धूळ आणि सांडलेलं ऑइल पाण्यावर येतं, तेव्हा सडक फार निसरडी असते. पुढे शेतातून ट्रॅक्टर सडकेवर चढतो आणि चाकांची काळी माती डांबरावर लांबपर्यंत सोडत जातो. दुरून तो पट्टा नुसता ओला रस्ता वाटतो. त्याच्या अलीकडेच, गाडी सरळ असताना वेग उतरवायचा. पट्ट्यावर गेल्यावर ब्रेक मारू नये, गिअर बदलू नये, हॅन्डल वळवू नये. पाणंदीत तर ही माती टायर आणि मडगार्डच्या मधे अशी ठासून बसते की चाकच फिरत नाही. तेव्हा रेस वाढवून गाडी रेटली की क्लच प्लेट जळते. खाली उतरावं, बांधावरची पऱ्हाटी घ्यावी आणि माती उकरून काढावी.

दसऱ्याच्या सुमाराला सडकेवर सोयाबीन पसरलेलं असतं. त्याचे गोल दाणे टायरखाली छर्‍यांसारखे फिरतात. हिवाळ्यात वसमतकडे उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. मागे दिवा किंवा रेडियम नसलेली ट्रॉली अंधारात अगदी जवळ गेल्यावरच दिसते. समोरच्याने अप्पर मारला की नजर डाव्या साईडपट्टीवर न्यावी आणि वेग खाली आणावा. औंढ्याच्या डोंगरपट्ट्यात रोही (नीलगाय) आडवा गेला, तर लगेच पुढे निघू नये. मागे कळप असू शकतो.

या सगळ्यात जीव वाचवणारा भाग म्हणजे पुढचा ब्रेक, आणि खेड्यात भीती त्याचीच जास्त. ‘गाडी उलथेल’ म्हणून कित्येकजण आयुष्यभर नुसत्या पायाच्या ब्रेकवर चालवतात. खरं तर गाडी थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे रस्त्याची पकडही तिथेच वाढते. कोरड्या डांबरावर थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. मात्र तो झटक्याने न ओढता दाबत न्यावा लागतो, आणि जोडीला मागचा. मुरूम, गिट्टी, चिखल असेल तिथे पुढच्यावर हात हलका ठेवावा. २०१९ मध्ये १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि त्याखालच्यांना किमान कॉम्बी ब्रेक (दोन्ही चाकांना एकदम लागणारा) सक्तीचा झाला. पण गावोगावी त्याआधीच्या गाड्या अजून पळताहेत. त्यांचं ब्रेकिंग सगळं चालवणाऱ्याच्या हातापायात आहे.

मागे बसलेल्या बाईचा पदर चाकाजवळ लोंबत नाही ना, हे निघण्याआधी वळून पाहावं. कयाधू नदीच्या पुलावरून पाणी वाहत असेल, तर उतरेपर्यंत अलीकडेच थांबावं. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावलेला असावा. आरशाला अडकवलेलं हेल्मेट डोकं वाचवत नाही.

आपण पोरांना किक मारायला, गिअर टाकायला शिकवतो. थांबायला कुणी शिकवत नाही. तेव्हा आईबापांना एवढंच सांगणं आहे: पोरगं अठरा वर्षांचं होऊन लायसन हाती आल्याशिवाय त्याला सडकेवर पाठवू नका. आणि पाठवण्याआधी मोकळ्या मैदानात, कमी वेगात, दोन्ही ब्रेक धरून गाडी सरळ थांबवायचा सराव करून घ्या. तो जमला की मगच चावी द्या.