पंधरा सेकंदांचा आशीर्वाद

वसईचा माझा एक मित्र गे आहे आणि दर रविवारी मिस्साला क्वायरमध्ये गातो. ‘मग चर्च सोडत का नाहीस?’ ऑफिसात हमखास विचारतात. ‘घर कुणी सोडतं का?’ हे त्याचं उत्तर.

१८ डिसेंबर २०२३ला व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायची फादरना मुभा दिली. लग्नविधी नाही हं! जानेवारी २०२४मध्ये खुलासाही आला: दहा-पंधरा सेकंदांचा साधा आशीर्वाद. मला तर हा चक्क कंजूषपणा वाटला. १९६८मध्ये लॉस एंजेलिसजवळ ट्रॉय पेरींनी बारा जणांना घेऊन, राहत्या घरात, समलिंगींसाठी वेगळं चर्चच काढलं होतं. मित्राला वेगळं काही नकोय. गावच्याच फादरकडून ते पंधरा सेकंद हवेत, पार्टनरसोबत. आणि शेजारी आई हवी. आई अजून ‘बघू’वरच आहे.