जालन्याच्या वहीतील कालचक्र

कुंडलिकेकाठी वसलेले जालना हे जुने व्यापारी नगर. मोंढा, बियाणे आणि पोलाद ही त्याची ओळख. गुरु गणेश तपोधामामुळे ते श्रावकांचे श्रद्धास्थानही आहे. दीपावलीला येथील पेढ्यांवर वहीपूजन होते. इ. स. पू. ५२७ मधील प्रभू महावीरांच्या निर्वाणापासून मोजलेले वीर निर्वाण संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला पालटते.

ही मिती ज्या अफाट काळाचा कण आहे, तो जैन परंपरेने चाकाच्या रूपाने रेखाटला. बारा आऱ्यांचे हे कालचक्र: सहा आरे उतरत्या अवसर्पिणीचे, सहा चढत्या उत्सर्पिणीचे. सध्या चालू आहे तो अवसर्पिणीचा पाचवा, दुषमा आरा. निर्वाणानंतर तीन वर्षे साडेआठ महिन्यांनी तो सुरू झाला. त्याच्या २१,००० वर्षांपैकी सुमारे साडेअठरा हजार वर्षे अद्याप शिल्लक आहेत.

सातासमुद्रापलीकडे, मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषा बोलणाऱ्या अ‍ॅझ्टेक लोकांनीही काळ चित्रांतच मांडला. मगर, वारा, घर, सर्प, हरिण, फूल अशी त्यांच्या दिवसांची २० चिन्हे होती. ती १ ते १३ या अंकांशी क्रमाने जोडली, की २६० दिवसांचे एक आवर्तन होई. ३६५ दिवसांचे वर्ष निराळे. दोन्ही गणना ५२ वर्षांनी पुन्हा जुळत. १७९० मध्ये मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात सापडलेल्या प्रचंड शिळेवर या वीस चिन्हांचे वलय असून, आत सरलेल्या चार युगांच्या खुणा आहेत. त्यांच्याही मते चालू युग पाचवेच! ५२ वर्षे भरताना जग बुडेल या भयाने ते घरोघरचा अग्नी विझवीत, नरबळी देऊन नवा अग्नी चेतवीत.

येथेच दोन्ही वाटा भिन्न होतात. कालचक्र कोणाच्या रक्ताने चालत नाही आणि कोणाच्या भयाने थांबत नाही. ते स्वभावानेच फिरते. पंचम काळात या भरतक्षेत्रातून मोक्ष नाही, असे शास्त्र सांगते. मग व्रत-नियम कशासाठी? याचे उत्तर व्यापाऱ्याला ठाऊक आहे. मंदी आली म्हणून पेढी बंद होत नाही; उलट त्याच दिवसांत पत जपावी लागते.

एवढ्या विराट चक्रातून श्रावकाच्या वाट्याला येते ती एका सामायिकाची ४८ मिनिटे. वाळूची घडी उलटी करून तो बसतो, तेव्हा तेवढा काळ मात्र सर्वस्वी त्याच्या खात्यावर जमा होतो.