मोत्याचा नमस्कार

मुलांनो, आमच्या देवरूखला पाहुण्यांचा तोटा नाही. मकरसंक्रांतीला मार्लेश्वराची जत्रा असते, तेव्हा जाता-येता मंडळी चहाला थांबतात. मे महिन्यात आंबे-फणस खायला मुंबईची मुलं येतात. आणि गणपतीत तर विचारूच नका! घरात कुत्रा असला की या सगळ्यांचं पहिलं स्वागत तोच करतो. आमच्याकडे हे काम मोत्याकडे आहे.

मोत्या म्हणजे साधा गावठी कुत्रा. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. दोन महिन्यांचा असताना भर पावसात आमच्या पडवीत येऊन बसला, तो बसलाच. स्वभावाने गरीब, पण बेडं उघडल्याचा आवाज आला रे आला, की याच्या अंगात वारं शिरायचं. एकदा तपासणीला येणारे एक साहेब घरी आले, तर त्यांच्या पांढऱ्याशुभ्र पँटवर लाल मातीचे दोन पंजे! एका काकांची नवी कोल्हापुरी चप्पल माडाच्या आळ्यात सापडली. आलेल्या बायकांना हा नको तिथे नाक लावून हुंगायचा, त्या बिचाऱ्या पदर सावरत मागे सरकायच्या. आणि मुंबईचे काका दिसले की आनंदाच्या भरात जागच्या जागी शू! मुलं खो खो हसायची आणि मोठ्यांना कुठे बघावं ते कळायचं नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. माझ्या नणंदेची मुलगी सात वर्षांची. तिला पूर्वी एकदा रस्त्यावरचा कुत्रा चावला होता. मे महिन्यात ती आली आणि मोत्या लाडाने तिच्याकडे धावला. ती किंचाळत माजघरात पळाली. पुढचे दोन दिवस अंगणात उतरलीच नाही. निघताना हळूच म्हणाली, "मामी, मी गणपतीला येणार नाही."

त्या रात्री सासूबाई म्हणाल्या, "नातीने आजोळी यायचं नाही, हे मला चालायचं नाही. गणपतीच्या आत ह्याला वळण लावा, नाहीतर कुणाला तरी देऊन टाका." पाचवीतला माझा मुलगा ताटावरून तसाच उठला. सासूबाईंचं खोटं नव्हतं आणि मुलाचंही खोटं नव्हतं. हातात होते तीन महिने.

मोत्याला लस टोचायला नेलं, तेव्हा गुरांच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते हसून म्हणाले, "बाई, तो उद्धट नाही. तो त्याच्या रीतीने नमस्कार करतोय."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. आपण माणूस ओळखतो चेहऱ्यावरून, कुत्रा ओळखतो वासावरून. काखेत आणि जांघेत घामाच्या खास ग्रंथी असतात, म्हणून तो तिथेच नाक नेतो. शिवाय त्याच्या टाळूच्या वर वास टिपणारं आणखी एक इंद्रिय असतं. जेकबसन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला जेकबसनचं इंद्रिय म्हणतात. आपल्याला लाज आणणारं हे नाक किती मोलाचं असतं, ठाऊक आहे? १९९३ साली मुंबईत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा पोलिसांच्या 'जंजीर' नावाच्या कुत्र्याने केवळ वासावरून दडवलेली स्फोटकं शोधून काढली. कितीतरी जीव वाचले!

आणि उड्या? लांडग्यांची पिल्लं शिकारीहून परतलेल्या मोठ्यांचं तोंड चाटतात. कुत्राही तसंच करू बघतो. आपलं तोंड असतं उंच, म्हणून तो उडी मारतो. शू होते ती अति आनंदाने किंवा थोड्या भीतीने. त्यावर रागावलं तर भीती वाढते आणि शूही वाढते.

"मग करायचं काय?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "नुसतं 'नको' म्हणू नका. त्याऐवजी काय करायचं, ते शिकवा." आम्हा शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको!

रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांचं नाव तुम्ही पुढे विज्ञानात वाचाल. त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. खाण्याच्या आधी ठरावीक आवाज रोज ऐकवला, तर पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे त्यांनी दाखवलं. आमच्या मोत्याला बेड्याचा आवाज म्हणजे 'धाव!' असं झालं होतं. आता त्याचा अर्थ 'जागेवर बस' असा करायचा होता.

पडवीच्या कोपऱ्यात एक गोणपाट अंथरलं. माझा मुलगा झाला पाहुणा. दिवसातून दहा-वीस वेळा तो बेडं उघडून आत यायचा. आवाज झाला की मी म्हणायची, "जागेवर!" मोत्या गोणपाटावर बसला की सुक्या बोंबलाचा इवलासा तुकडा. उडी मारली तर पाहुणा पाठ फिरवून उभा. बोलायचं नाही, बघायचंही नाही. चारी पाय जमिनीवर टेकले की मगच लाड. हा नियम घरातल्या सगळ्यांना. आजोबांनासुद्धा! एकाने लाड आणि दुसऱ्याने धपाटा, असं झालं तर कुत्र्याला काहीच कळत नाही. चपला फळीवर ठेवायच्या आणि त्याने पळवलीच तर मागे धावायचं नाही, कारण आपण धावलो की तो त्याला खेळच वाटतो.

श्रावण संपेपर्यंत दहापैकी सात वेळा मोत्या बसायला लागला. शू वयाबरोबर आपोआप थांबली.

गणपतीला भाची आली, पण आईचा पदर घट्ट धरून. आम्ही मोत्याला मागच्या पडवीत साखळीने बांधून ठेवलं होतं, शेजारी पाणी ठेवून. पहिला दिवस तिने त्याला खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी लांबून हळूच म्हणाली, "जागेवर!" मोत्या बसला. ती एवढी हसली म्हणता! तिसऱ्या दिवशी तिने स्वतः भाकरीचा तुकडा टाकला. हात मात्र लावला नाही आणि आम्हीही आग्रह केला नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मोत्याचं गोणपाट बदललेलं दिसलं, एवढंच.

मोत्या अजूनही संधी मिळाली की चप्पल पळवतो. पण त्याला कुणाला देण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

मुलांनो, तुमच्याकडे कुत्रा असेल तर घाबरलेल्या पाहुण्याला "तो काही करत नाही" असं म्हणून हसू नका. आधी कुत्र्याला बांधा. भीती त्यांची असते, ती त्यांनाच ठाऊक. त्याला रेबीजची लस दर वर्षी द्या. आणि तुम्ही कुणाकडे पाहुणे गेलात नि कुत्रा धावत आला, तर पळू नका, ओरडू नका, त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका. हात अंगाशी धरून झाडासारखे उभे राहा. हुंगून झालं की तो बहुधा निघून जातो. चुकून दात किंवा नख लागलंच, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, मोठ्यांना लगेच सांगा आणि दवाखान्यात जा. रागावतील म्हणून लपवू नका, बरं का!